दादासाहेब फाळके स्मृतिदिन: त्यांचे मूकपट नीट कसे दाखवायचे?

पडदाप्रेमी

नमस्कार मंडळी. १६ फेब्रुवारी हा दादासाहेब फाळक्यांचा स्मृतिदिन. १९४४ साली याच तारखेला ते नाशकात गेले. त्या संध्याकाळी आमच्या गावच्या वाचनालयाच्या सभागृहात त्यांच्या मूकपटांचा खेळ ठेवायचं ठरतंय. दीडशे खुर्च्या, एचडी प्रोजेक्टर, लॅपटॉप, दहा फूट रुंद पडदा. गावात पेटी आणि तबला वाजवणारे चांगले लोक आहेत. प्रेक्षकांत शाळेची मुलं बरीच असतील.

फोटोला हार आणि पाच भाषणं असा कार्यक्रम नको आहे. माणूस पडद्यासाठी जगला, तर त्याची आठवण पडद्यावरच व्हावी. पण इंटरनेटवरच्या प्रती लावून पाहिल्या की माणसं तुरुतुरु पळतात. तारामती शोक करतेय आणि बघणारा हसतोय, हे बघवत नाही. म्हणून प्रश्न:

१. फाळक्यांचं नक्की काय काय शिल्लक आहे आणि त्यातलं काय, कोणत्या क्रमानं दाखवावं?
२. वेग कसा दुरुस्त करायचा?
३. प्रतींवर कुणीतरी चढवलेलं संगीत ठेवावं की बंद करून साथ करवावी? साथ करायची तर कशी?
४. दृश्यांच्या मधल्या मजकुराच्या पाट्या हिंदी-इंग्रजीत आहेत. मुलांचं काय करायचं?
५. परवानगी लागते का?

---

चौकट_सोळा

दोन नंबरचा प्रश्न आधी घेतो, कारण तो सुटला की बाकीचं निम्मं सुटतं.

हसू येतं ते फाळक्यांमुळे नाही, आपल्यामुळे येतं. त्या काळी कॅमेरा हातानं फिरवत. बहुतेक कॅमेऱ्यांत हँडलच्या एका फेऱ्याला ८ चौकटी (फ्रेम, म्हणजे एकेक स्थिर चित्र) उघडत आणि सेकंदाला साधारण दोन फेरे घेत, म्हणजे सेकंदाला १६ चौकटी. बोलपट आले तेव्हा आवाजासाठी २४ चौकटींचा वेग पक्का झाला. १६ नं टिपलेलं २४ नं दाखवलं की सगळं दीडपट जोरात पळतं. चालणं म्हणजे दुडकी, रडणं म्हणजे उचकी.

हिशेब सोपा आहे. ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात १६ चौकटी असतात. म्हणजे १६ च्या वेगानं जितके फूट तितके सेकंद. ‘राजा हरिश्चंद्र’ मुळात ३,७०० फुटांचा होता. १६ नं तो एक तास दोन मिनिटांच्या आसपास जातो, २४ नं ४१ मिनिटं. सगळीकडे ‘चाळीस मिनिटांचा चित्रपट’ असं छापलेलं दिसतं, तो बोलपटाच्या वेगाचा आकडा आहे. ‘कालिया मर्दन’चा उरलेला भाग सुमारे ४,४०० फूट आहे. १६ नं ७३ मिनिटं, १८ नं ६५, २४ नं ४९. तुमच्या हातातली प्रत ४८-४९ मिनिटांची असेल तर ती पळवलेली आहे, एवढं या आकड्यावरूनच कळतं.

तरी खात्री करा. काही प्रती आधीच कुणीतरी हळू करून ठेवलेल्या असतात. त्या आणखी हळू केल्या तर माणसं पाण्यात चालल्यासारखी दिसतील. व्हीएलसी या व्हिडिओ दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये प्रत उघडा, थांबवा आणि इंग्रजी ‘ई’ अक्षराची कळ दाबत एकेक चौकट पुढे न्या. एका सेकंदात किती चौकटी खरोखर वेगळ्या आहेत ते मोजा. माणूस स्थिर उभा असेल तर चित्राकडे बघू नका, ओरखडे आणि डाग बघा. ते प्रत्येक खऱ्या चौकटीत बदलतात. सेकंदाला २४ वेगळ्या निघाल्या तर प्रत पळतेय. २४ मधल्या दर तिसऱ्या चौकटीला तेच ओरखडे परत दिसले तर ती १६ ची करून ठेवलेली आहे, तिला हात लावू नका. गुणाकार असा: १६ भागिले वेगळ्या चौकटींची संख्या. २४ असतील तर ०.६७, २५ असतील तर ०.६४.

चाचणीपुरतं व्हीएलसीचा वेग ०.६७ करून बघितलात तरी चालेल. खेळासाठी मात्र नवी फाइल बनवा, ऐन वेळी वेगाचं बटण हलायला नको. डाविंची रिझॉल्व्ह या संकलनाच्या सॉफ्टवेअरच्या फुकट आवृत्तीत होतं:

- क्लिप टाकण्याआधी टाइमलाइन ६० फ्रेमची ठेवा. एकदा क्लिप टाकली की हा आकडा बदलता येत नाही. ६० कशासाठी? प्रोजेक्टर आणि लॅपटॉप बहुधा सेकंदाला ६० वेळा चित्र ताजं करतात. २४ च्या टाइमलाइनवर १६ चौकटी बसवल्या तर एक चौकट एकदा आणि पुढची दोनदा असं लंगडं चालणं होतं. ६० वर प्रत्येक चौकट तीन-चार वेळा येते आणि फरक डोळ्याला जाणवत नाही.
- क्लिपचा वेग ६६.६७ टक्के करा.
- रिटाइम प्रोसेस (वेग बदलताना चौकटी कशा भरायच्या ती सेटिंग) ‘निअरेस्ट’ ठेवा. ‘फ्रेम ब्लेंड’नं हातांना भुतं लागतात. ‘ऑप्टिकल फ्लो’ ओरखड्यालाही हलणारी वस्तू समजतो आणि चेहरे वितळवतो.

१६ हा काही देवानं दिलेला आकडा नव्हे. हात कधी भरभर फिरायचा, कधी सावकाश. एकेका दृश्याला १६, १८, २० लावून बघा आणि पाण्याकडे बघून ठरवा. ‘हरिश्चंद्र’मध्ये राणीच्या सख्यांचा कारंज्याचा प्रसंग आहे. पाण्याची धार वर जाऊन खाली येते त्याला गुरुत्वाकर्षणाचा वेळ लागतो, तो नटाच्या अभिनयानं बदलत नाही. पाणी खरं वाटलं की वेग बरोबर.

---

रीळघर

वरच्या प्रतिसादाला शंभर टक्के अनुमोदन. मी एक आणि पाच घेतो.

शिल्लक फार थोडं आहे. फाळक्यांनी १९१३ ते १९३७ या काळात जे केलं त्यातलं बहुतेक सगळं गेलं, कारण नायट्रेटची फिल्म पेट घेते, चिकटते आणि शेवटी तिची भुकटी होते. जे वाचलं त्यातला मोठा वाटा पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचा आणि ते उभारणाऱ्या पी. के. नायरांचा आहे. नायर नाशकापर्यंत फाळके कुटुंबाकडे जाऊन रिळं घेऊन आले नसते तर आज ही चर्चाच झाली नसती. त्यांचं नाव त्या संध्याकाळी घ्या.

उपलब्ध गोष्टी आणि माझं मत:

‘राजा हरिश्चंद्र’: चारपैकी पहिलं आणि शेवटचं रीळ, सुमारे दीड हजार फूट. १६ नं २५ मिनिटं. एक गोष्ट स्पष्ट सांगायलाच हवी. फाळक्यांनी १९१७ साली हीच कथा पुन्हा चित्रित केली होती आणि उरलेली रिळं त्या आवृत्तीची आहेत असं काही अभ्यासकांचं म्हणणं आहे. म्हणून पत्रकावर ‘३ मे १९१३ रोजी (मुंबईच्या) कोरोनेशन थेटरात लागलेला तोच चित्रपट’ असं लिहू नका. ‘राजा हरिश्चंद्र, उपलब्ध भाग’ एवढं पुरे.

‘लंकादहन’ (१९१७): छोटा तुकडा. अण्णा साळुंके यात राम आणि सीता दोन्ही झाले आहेत. मुलांना हे आधी सांगा आणि मग ओळखायला सांगा. नजर कामाला लागते.

‘श्रीकृष्णजन्म’ (१९१८): हाही तुकडाच. कंसाचं मुंडकं धडावेगळं होऊन वर जातं आणि परत येऊन बसतं, तो भाग काहीही झालं तरी दाखवा.

‘चित्रपट कसे तयार करतात’ (१९१७): काही मिनिटं. स्वतः फाळके काम करताना दिसतात. स्मृतिदिनाला याहून चांगली सुरुवात असूच शकत नाही. फोटोपेक्षा हलता माणूस बघा.

‘कालिया मर्दन’ (१९१९): सगळ्यांत सलग उरलेला. कृष्ण झाली आहे त्यांची मुलगी मंदाकिनी, तेव्हा वय सातच्या आसपास. सुरुवातीलाच ती साध्या रूपात चेहऱ्यावर एकेक भाव आणून दाखवते आणि मग कृष्णाच्या वेषात येते. बापानं मुलीची आधी प्रेक्षकांशी ओळख करून दिली आहे. हे कापू नका, ‘गोष्ट सुरू होत नाही’ म्हणून पुढेही ढकलू नका.

क्रम: ‘चित्रपट कसे तयार करतात’, ‘हरिश्चंद्र’, ‘लंकादहन’ आणि ‘श्रीकृष्णजन्म’चे तुकडे, दहा मिनिटं मध्यंतर, ‘कालिया मर्दन’. प्रास्ताविक धरून दोन तासांच्या थोडं वर जाईल. मुलं जास्त असतील तर ‘लंकादहन’ गाळा, ‘कालिया मर्दन’ कापू नका. त्यातला कृष्ण रात्री शेठजीच्या घरात शिरून नवऱ्याची दाढी आणि बायकोचे केस एकत्र बांधतो, तिथे अख्खं सभागृह तुमचं होतं.

परवानगी: आपल्याकडे चित्रपटाचा स्वामित्वहक्क प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं. १९१९ चा हिशेब १९७९ अखेर संपला. पण दोन गोष्टी वेगळ्या धरा. इंटरनेटवरच्या प्रतीवर चढवलेलं संगीत आजच्या कुणाचं तरी आहे, त्याचा हक्क जिवंत आहे. आणि संग्रहालयाकडून चांगली प्रत हवी असेल तर त्यांच्याकडे रीतसर अर्ज, संस्थेचं पत्र, तारीख, जागा आणि प्रवेश मोफत आहे की नाही हे सगळं द्यावं लागेल. आत्ताच लिहा, कार्यक्रमाला आठवडा उरल्यावर नको.

---

पेटीमास्तर

चढवलेलं संगीत बंदच करा. हक्काचा मुद्दा आहेच, शिवाय वेग बदलला की ते बसणार नाही.

साथीबद्दल. पेटी आणि तबला एवढं पुरेसं आहे, मूकपटांच्या थेटरांत तेच असायचं. झांज किंवा टाळ ‘कालिया मर्दन’च्या शेवटासाठी ठेवा. व्हायोलिन मिळालं तर शोकासाठी उत्तम, कारण पेटीला मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) नाही.

तयारी अशी करा. वेग दुरुस्त केलेल्या फाइलवरच तालीम. जुन्या पळत्या प्रतीवर बसवलेलं सगळं फुकट जाईल. पहिल्यांदा बघताना वाजवू नका, फक्त वही घ्या आणि प्रसंग बदलतो ती वेळ मिनिट-सेकंदात लिहा. प्रत्येक प्रसंगापुढे तीनच गोष्टी: राग किंवा चाल, लय, आणि कुठे गप्प बसायचं. तिसरा रकाना विसरू नका. ७३ मिनिटं अखंड वाजत राहिलं की विसाव्या मिनिटाला कान मरतात.

‘कालिया मर्दन’मधल्या गवळणी आणि खोड्यांना खमाज, काफी चालेल, मध्य लय, केरवा. कृष्ण डोहात उडी घेतो तिथे तबला थांबवा, नुसता पेटीचा खर्ज धरा. काठावर यशोदा-नंद कोसळतात तो भाग लांब आहे. तिथे जोगियाचे सूर, ताल नको. संध्याकाळी जोगिया कसा म्हणून कुणी हरकत घेतली तर पिलू घ्या, पण ताल तरीही नको. नागाशी झुंजीला द्रुत लय एकदम सुरू करू नका. झुंज बराच वेळ चालते आणि सुरुवातीलाच टिपेला गेलात तर पुढे चढायला जागा राहत नाही. विलंबित ठेका, मग दुगण (दुप्पट लय), नाग शरण आला की पुन्हा ठाय (मूळची संथ लय). शेवटी भैरवी.

हमखास बिघडतं ते हे:

प्रत्येक पावलाला थाप, प्रत्येक पडण्याला तिहाई. यानं पुन्हा सगळ्याचा विनोद होतो. हालचालीला साथ करायची नाही, मनःस्थितीला करायची.

ओळखीची सिनेगीतं. सूर ऐकताच प्रेक्षक मनात ते गाणं म्हणायला लागतो आणि पडद्यावरून उठतो. अभंगाच्या चाली चालतील, पण शब्द गाऊ नका.

माइक. दीडशे खुर्च्यांच्या सभागृहात तबल्याला माइक नको. पेटीला लागला तर एकच, तोही मागच्या तीन रांगांपुरता.

दिवा. वादकांना वही दिसायला दिवा लागतोच, आणि तोच पडदा पांढुरका करतो. मंद पिवळा दिवा, वरून पुठ्ठ्याचं झाकण, तोंड जमिनीकडे. वादक पडद्याच्या बाजूला तिरके बसवा, म्हणजे मान न मोडता चित्र दिसेल. अगदी पडद्याखाली बसवलंत तर ७३ मिनिटं मान वर करून कुणी वाजवू शकत नाही.

निदान तीन पूर्ण तालमी, त्यातली शेवटची सभागृहात.

---

मूकपटवेडी

पाट्या आणि पडदा यांबद्दल लिहिते, कारण घाई इथेच होते.

पाट्या मोठ्यानं वाचायला एक माणूस बसवा. त्या काळी अक्षरओळख नसलेल्या प्रेक्षकांसाठी थेटरात हे करतच. वाचणारा मागे किंवा बाजूला अंधारात असावा, हातात मराठी मजकुराचे क्रमांक घातलेले कागद. सावकाश वाचलं तर सेकंदाला साधारण दोन शब्द होतात. वीस शब्दांच्या पाटीला दहा सेकंद. म्हणजे आधी सगळ्या पाट्यांची सेकंदांत मोजणी करा आणि मराठी मजकूर त्यात बसेल एवढाच लिहा. वेग हळू केल्यावर पाट्याही दीडपट लांबतात, त्यामुळे बहुतेक ठिकाणी वेळ पुरेल. काही जुन्या प्रतींत पाटी क्षणभर चमकून जाते. तिथे एका स्वच्छ चौकटीला गोठवून हवी तेवढी लांब करा. हा फेरफार चालतो. चित्राच्या चौकटी गोठवणं चालत नाही.

वाचणाऱ्यानं पाटीबाहेरचं एक अक्षर बोलायचं नाही. ‘आता बघा मुलांनो’ सुरू झालं की चित्रपट संपला.

पडद्याच्या आकाराबद्दल: मूकपटाची चौकट चारास तीन. लॅपटॉप आणि प्रोजेक्टर सोळास नऊ. ‘पडदा भरा’ हा पर्याय कुठेतरी चालू राहिला की माणसं बुटकी आणि रुंद होतात. तो लॅपटॉपमध्ये आणि प्रोजेक्टरच्या मेन्यूत, दोन्हीकडे तपासा. दहा फूट रुंद पडद्यावर चित्र साडेसात फूट रुंद येईल आणि दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहतील. त्या राहू द्या.

दुसरी तपासणी पाट्यांवरच करता येते. मूकपटाची चौकट फिल्मच्या पूर्ण रुंदीची असे. बोलपटात डाव्या कडेला ध्वनिपट्टीसाठी जागा सोडावी लागली. मूकपटाची प्रत बोलपटाच्या मापात काढली गेली तर डावीकडची पट्टी कापली जाते. पाटीवरचा मजकूर डावीकडे कडेला चिकटलेला आणि उजवीकडे ऐसपैस जागा, असं दिसलं तर प्रत कापलेली आहे. दुसरी प्रत शोधा.

काळा-पांढरा भडकपणा वाढवू नका. त्या काळच्या फिल्मला लाल रंग दिसत नसे. लाल काळं येई आणि निळं आभाळ पांढरं. कुंकू, लाल काठ, ओठ मुळातच काळे आहेत. त्यावर तुम्ही कॉन्ट्रास्ट चढवला तर चेहऱ्यावर नुसते डाग उरतात. आणि कृपा करून संगणकानं रंगवलेली, गुळगुळीत केलेली प्रत लावू नका. ती फाळक्यांची राहत नाही.

चित्र थोडं थरथरेल. लंडनहून कच्ची फिल्म छिद्रं न पाडलेली येई. फाळक्यांनी छिद्रं पाडायचं यंत्र आणलं होतं आणि घरी, अंधारात, सरस्वतीबाई आणि ते ती छिद्रं पाडत. छिद्र केसभर इकडेतिकडे पडलं की पडद्यावर चित्र उडी मारतं. त्यात शंभर वर्षांत फिल्म आक्रसलेली. सॉफ्टवेअरनं स्थिर करायला गेलात तर चारही कडा कापल्या जातात. थरथर राहू द्या, प्रास्ताविकात एका वाक्यात कारण सांगा. सरस्वतीबाईंचं नाव त्याच वाक्यात येईल. ते यायलाच हवं. रसायनं कालवणं, फिल्म धुणं, उन्हाचा प्रकाश वळवायला पांढरी चादर धरून उभं राहणं आणि वर सगळ्या मंडळींचा स्वयंपाक, हे सगळं त्यांनी केलं. श्रेयनामावलीत त्या कुठेच नाहीत.

---

पडदाप्रेमी

सगळ्यांचे मनापासून आभार. आमची ‘कालिया मर्दन’ची प्रत तपासली: सेकंदाला २४ वेगळ्या चौकटी, लांबी ४८ मिनिटं. म्हणजे पळणारीच. पाट्या मध्यभागी आहेत, त्यामुळे कापलेली नसावी.

दोन गोष्टी अजून. संगीताविना दाखवावं असं समितीत काहींचं म्हणणं आहे, ‘मूकपट आहे तर मूकच’. आणि खेळाआधी शाळेतल्या मुलांनी स्वतः काहीतरी करावं असं वाटतंय. चित्रकला स्पर्धा नको. काय करता येईल?

---

पेटीमास्तर

चित्र मुकं होतं, थेटर कधीच मुकं नव्हतं. ३ मे १९१३ च्या कोरोनेशनच्या जाहिरातीत ‘हरिश्चंद्र’बरोबर नाचगाणं, विनोदी प्रवेश आणि पायांवर वस्तू झेलणारा कसरतपटू असा सगळा कार्यक्रम होता. तिथं शांतता कुठली? समितीला एवढं सांगा आणि तरीही तिढा सुटला नाही तर ‘चित्रपट कसे तयार करतात’ तेवढा साथीशिवाय दाखवा. तिथे काम बघायचं असतं, सूर नसले तरी चालतात.

---

रीळघर

मुलांसाठी: वाटाणा.

‘हरिश्चंद्र’ला भांडवल मिळवायचं होतं तेव्हा फाळक्यांनी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ थोड्याथोड्या वेळानं एकेक चौकट टिपून चित्रित केली. ‘अंकुराची वाढ’. बी पेरलं आणि बघता बघता वेल झाला, हे बघून पैसे देणारा पुढे आला. तेच मुलांना मोबाइलवर करता येईल आणि १६ तारखेला पडद्यावर सगळ्यांत आधी दाखवता येईल.

गणित मुलांकडूनच करवून घ्या. पडद्यावर ३० सेकंद हवेत, वेग १६, म्हणजे ४८० चौकटी. दर १५ मिनिटांना एक फोटो काढला तर ७,२०० मिनिटं, म्हणजे बरोबर पाच दिवस-रात्र.

वाटाणा जमिनीतून वर यायलाच आठवडा घेतो, म्हणून आधीची दोन-तीन दिवसांची तयारी वेगळी धरा. रात्रभर भिजवा, ओल्या फडक्यात मोड येऊ द्या, मोड आलेले दाणे दीड-दोन सेंटिमीटर खोल पेरा. एकाच कुंडीत सात-आठ दाणे, त्यातले दोन-तीन नक्की दगा देतात. वेळ अगदीच कमी असेल तर मूग घ्या, तो निम्म्या वेळात वर येतो. पण वाटाण्याचे तणावे आधार शोधत फिरतात ते मुगात मिळणार नाही, म्हणून शक्यतो सुरुवात लवकर करून दहा दिवस द्या. मग फोटो अर्ध्या तासानं एक.

खोली अंधारी हवी. खिडकीचा प्रकाश येत राहिला तर पडद्यावर दिवस-रात्रीचं लुकलुकणं दिसतं आणि रोप हरवतं. ९ वॅटचा एक एलईडी बल्ब, सतत चालू, कुंडीच्या थेट वर. बाजूला लावलात तर रोपं सगळी तिकडेच वाकतील. मोबाइल तिपाईवर किंवा विटांत घट्ट बसवून चार्जरला जोडलेला. फोकस, एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स तिन्ही लॉक करा, नाहीतर प्रत्येक फोटोचा रंग वेगळा येईल. ठरावीक वेळानं फोटो काढणारं अ‍ॅप आधी रात्रभर चालवून बघा. पुष्कळ मोबाइल बॅटरी वाचवायला असं अ‍ॅप मध्येच बंद करतात.

---

पडदाप्रेमी

हे करायचंच. पाणी कसं घालायचं पण? कुंडी हलणार नाही का?

---

चौकट_सोळा

कुंडी उचलायची नाही, वरून ओतायचंही नाही; माती खचली की रोप एका चौकटीत बोटभर खाली गेल्यासारखं दिसतं. कुंडीखाली खोल बशी ठेवा आणि बशीत पाणी घाला, माती खालून ओढून घेईल. बशीची कड फोटोच्या चौकटीबाहेर असू द्या, नाहीतर पाण्याची पातळी वरखाली होताना दिसेल. कुंडीची आणि तिपाईची जागा फरशीवर खडूनं आखून ठेवा. कुणाचा धक्का लागला तर परत त्याच रेषांवर बसवता येतं. पाणी घालायचं ते फोटो निघाल्यावर लगेच, म्हणजे पुढच्या फोटोपर्यंत हात बाहेर आलेला असतो. आणि ‘निअरेस्ट’ची सेटिंग या फाइललाही तीच ठेवा.

---

मूकपटवेडी

पत्रक छापायला देण्याआधी नावं एकदा जुळवून घ्या. ‘राजा हरिश्चंद्र’: हरिश्चंद्र दत्तात्रय दामोदर दाबके, तारामती अण्णा साळुंके, रोहिदास भालचंद्र फाळके (दादासाहेबांचा मुलगा), विश्वामित्र गजानन वासुदेव साने, कॅमेरा त्र्यंबक तेलंग. ‘कालिया मर्दन’: कृष्ण मंदाकिनी फाळके. साळुंक्यांना ‘पहिली नायिका’ म्हणताना पुरुष नट होते हे लिहा. पडद्यावर पहिल्यांदा आलेल्या स्त्रिया दुर्गाबाई कामत आणि कमलाबाई गोखले, फाळक्यांच्याच ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये. माय-लेकी दोघी. सरस्वतीबाई फाळके यांचं नाव ‘फिल्म धुणे, छिद्रे पाडणे’ अशा कामासकट छापा, नुसतं ‘पत्नी’ म्हणून नको.